लसावि आणि मोठा ढोल

२ फेब्रुवारी, सोमवार

संकल्प : या टर्ममध्ये चिडायचं नाही.

दुपारी चिडलो. कारण सहावीचा नाचाचा तास. तो माझ्या गणिताच्या बरोब्बर आधी येतो. पोरं घामाघूम होऊन येतात, बाकांवर ताल धरतात, आणि तीन आणि चारचा लसावि विचारला की सगळा वर्ग 'सात' म्हणतो. बेरीज करतात गधडी! नाचामुळे डोकं पायात उतरतं, हे माझं ठाम मत आहे.

हेडमिस्ट्रेस जिफा मॅडमना तसं स्पष्ट सांगितलं. नाच बंद करा, तो तास मला द्या. त्या म्हणाल्या, वीस तारखेला इन्स्पेक्टर येतायत, काय ते तेच ठरवतील. तास गेला तर नाच शिकवणाऱ्या एसिनामची नोकरीही जाईल, असंही म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी पंख्याकडे बघितलं. पंखा बंद होता.

३ फेब्रुवारी, मंगळवार

एसिनामने स्टाफरूममध्ये भाजलेल्या शेंगा दिल्या. मुलगी गुणी आहे. मोठा ढोल स्वतः वाजवते. बाईने मोठ्या ढोलाला हात लावायचा नसतो म्हणणारी गावातली म्हातारी मंडळी तिचा हात पडला की मुकाट माना डोलावतात. वाईट वाटलं. शेंगा खाल्ल्या. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

७ फेब्रुवारी, शनिवार

सासुरवाडीकडच्या काकांची अंत्ययात्रा. अख्खं गाव काळ्या-लाल कपड्यांत. जेवण झक्कास, मक्याच्या पिठाचं आक्प्ले आणि भेंडीचं कालवण, वर तळलेला मासा. मग आग्बाजा नाच. कोपर वाकवून, पाठ झुकवून, खांदे पाखरासारखे हलवायचे. मला हे कुणी शिकवलेलं नाही, रक्तातच आहे. डोळे मिटून नाचलो. डोळे उघडले तर ढोल थांबलेला, माणसं थांबलेली, आणि सगळे माझ्याकडे बघतायत. काही बायकांनी तर तोंडावर हात धरले होते. लोकांचा मान ठेवायचा म्हणून आणखी थोडा नाचलो.

परतताना बायको म्हणाली, मोठा ढोल 'बस' म्हणाला की शेंबडं पोरही थांबतं, मास्तर, तुम्ही ढोल घरी जाऊन जेवला तरी नाचत असता. जळते. तिचे स्वतःचे खांदे अगदीच बेताचे आहेत.

१० फेब्रुवारी, मंगळवार

शास्त्रीय प्रयोग केला. नाचाच्या आधी वर्गाला तीन आणि चारचा लसावि विचारला. सात. नाचाचा तास संपला तसा पुन्हा विचारला. आता उत्तरही येणार नाही, याची खात्री होती.

झिगबोडी उठली. ही मुलगी वर्षभर माझ्या तासाला खिडकीबाहेरच्या बकऱ्या बघत आली आहे. म्हणाली, बारा. कसं काय, विचारलं. म्हणे, हात दर तिसऱ्या ठोक्याला वाजतो, पाय दर चौथ्याला पडतो, आणि दोघं बारावर भेटतात. तिथेच एसिनाम मॅडम ढोलाने हाक देतात. मग चार आणि सहा विचारला. सगळा वर्ग बाकांखाली पाय हलवू लागला. बारा! सहा आणि आठ? चोवीस!

खडू खाली ठेवला. मग लक्षात आलं, वर्षभर मी पेरलेलं आज उगवलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

मी नाचाच्या बाजूचा आहे. पहिल्यापासून होतो. जिफा मॅडमना सांगितलं की या शोधाला 'आग्बेसी पद्धत' म्हणता येईल. आग्बेसी म्हणजे मी. त्यांना बराच वेळ खोकला आला. हरमाटन वाऱ्याची धूळ.

आता मात्र मनातून घाबरलोय. नाच बंद करण्याचा हट्ट माझाच. तास गेला तर त्या पोरीची नोकरी माझ्यामुळे जाईल. तिच्या शेंगा खाल्ल्यात मी.

संकल्प : काही झालं तरी हा तास वाचवायचा. स्वतः.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

जाहीर केलं की वीस तारखेला नाचाचं नेतृत्व मी करणार. एसिनाम हळूच म्हणाली, सर, तुम्ही फळ्यापाशी खडू घेऊन उभे राहिलात तर? तरुण कलाकारांना ज्येष्ठांची भीती वाटते. समजून घेतलं.

घरी सराव. बायको शेजारणीकडे गेली. कोंबड्याही अंगणातून गेल्या.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

इन्स्पेक्टर दोग्बे साहेब आले. गंभीर माणूस. चष्मा पुसत म्हणाले, नाचाने गणित कसं येतं ते दाखवा. मैदानावर सहावी उभी, पुढे मी. ढोल सुरू झाला. मी डोळे मिटले. काय सांगू, असा मी आयुष्यात नाचलो नव्हतो! खांदे नुसते उडत होते.

मग फारच शांत वाटलं. डोळे उघडले. मुलं बारावर जागच्या जागी थांबलेली. एसिनामचे हात मांडीवर. अख्ख्या मैदानात हलत होतो तो मी एकटा.

दोग्बे साहेबांनी झिगबोडीला विचारलं, बाळ, तुमचे सर अजून का नाचतायत?

ती जराही न हसता म्हणाली, "साहेब, सरांचा लसावि अजून यायचाय."

दोग्बे साहेब हसले ते खुर्चीचा हात धरूनच. जिफा मॅडमना पुन्हा तो खोकला. मग डोळे पुसत साहेबांनी सगळ्या वर्गाला उदाहरणं घातली. एक चुकलं नाही. निकाल तिथल्या तिथे दिला, तास राहील आणि एसिनामही राहील. ती धावत आली, माझे दोन्ही हात धरून रडली. मी म्हटलं, अगं, हे सगळं ठरवून केलं. तिने लगेच मान डोलावली. मोठ्या मनाची आहे.

साहेबांची एकच अट. लसावि शिकवणाऱ्याने नाचाच्या तासाला बसायचं. माझ्यासाठी नाही, पद्धतीसाठी.

२३ फेब्रुवारी, सोमवार

पहिला तास. सहावीबरोबर नाही. एसिनाम म्हणाली, सहावी पुढे गेली आहे. दुसरीही पुढे गेली आहे. मला पहिलीत उभं केलं, मागच्या रांगेत. शेजारचं पोर माझ्या गुडघ्याएवढं. दर वेळी माझी पँट ओढून सांगतं, सर, ढोल 'बस' म्हणाला.

आज चारदा उशिरा थांबलो. एकदा तर पोराने पँट ओढूनही.

घरी आल्यावर बायकोला कारण समजावून सांगितलं. ती भिंतीला टेकून हसत बसली, अजून हसतेय. पण मी नीट बघून आलोय. शाळेचं मैदान खाडीच्या बाजूला वाकडं आहे.