तीन मापांचे ओटे

श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न

सोलापूर, सोमवार, पूजा आटोपून

ती. शरणबसवअण्णा यांना धाकट्या नागम्माचा, पायांवर डोकं ठेवून, शरणु शरणार्थी.

तुमचा गुडघा आणि वहिनींची साखर खाली यावी, आणि करमाळ्याच्या बाजारात तुरीचा भाव तेवढा वर जावा, एवढंच कमलाभवानीकडं मागणं आहे. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही नुसतं "बोल, बोल" म्हणता आणि मागून टीव्हीच बोलत असतो. शिवाय हे सांगताना मधे कुणी बोललेलं मला चालणार नाही. म्हणून पाठकोऱ्या कागदावर लिहिते आहे. (मागच्या बाजूला सोमशेखरच्या कारखान्यातली टॉवेलांची मापं आहेत, ती वाचत बसू नका.)

विषय खेळाच्या मैदानाचा आहे. हसू नका. सोमशेखरनं पुणं सोडून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत काम धरलं आणि तिन्ही नातवंडं घरात आली, तेव्हा मी देवाला पाच नारळ बोलले होते. (दोन फोडले. उरलेले तीन, मुलं इथं टिकली की फोडीन. देवानंही थोडं काम आधी करून दाखवावं.) पण आमची सून देवयानी बोलायला गोड आणि ठरवायला पक्की. ती म्हणाली, "आई, शाळा सुरू व्हायच्या आत मुलांना खेळायला धड जागा मिळाली तर आम्ही राहतो. नाहीतर मी तिघांना घेऊन परत जाते, सोमशेखर येईल-जाईल." तो येईल-जाईल, पण मला काय उरणार? अण्णा, यांच्या मागं मी एकटीचा अर्धी वाटी भात शिजवलाय. अर्ध्या वाटीचा भात कधी नीट होत नाही, तळाला लागतो. म्हणून मीच पुढं होऊन म्हटलं, जागा मी शोधते.

आता आमची तीन मुलं म्हणजे तीन गावं. सिद्धेश्वरी चौदाची, तिला झोपाळा म्हणजे अपमान वाटतो. तिला सावली हवी आणि कुणी "बाळ, किती मोठी झालीस" म्हणायला नको. चन्नवीर आठाचा, ज्यावरून पडता येत नाही त्याला तो खेळ मानत नाही. आणि शिवू तिसऱ्या वर्षात असून धड बोलत नाही. चार माणसं दिसली की रडतो, एकटा सोडला की माती खातो. तिघांना एकदम पुरेल अशी जागा शोधायची म्हणजे एकाच चपलेत तीन पाय घालायचे.

पहिल्या बागेत घसरगुंडी होती, पण पत्र्याची आणि मे महिन्यातली. चन्नवीर वरून बसून सुटला तो खाली उभाच आला. दोन दिवस त्यानं जेवणसुद्धा उभ्यानं केलं. दुसऱ्या बागेत "येथे खेळण्यास सक्त मनाई आहे" अशी पाटी होती, आणि पाटीखाली काही पेन्शनवाले म्हातारे गोल उभं राहून कारण नसताना मोठमोठ्यानं हसत होते. त्यांना मात्र मनाई नव्हती. शिवू त्यांना बघून असा रडला की त्यांचं हसणं बंद पडलं. तिसरी जागा गार हवेची, काचेच्या इमारतीतली. तिथं खेळायचे पैसे, आणि आत जायला त्यांच्याच दुकानातले मोजे विकत घ्यायचे. मी पिशवीतून घरचे धुतलेले मोजे काढले तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, हे चालत नाहीत." मी म्हटलं, "बाई, पाय घरचे चालतात आणि मोजे चालत नाहीत, हे कुठलं शास्त्र?" सिद्धेश्वरी माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

मग मी माझ्या पद्धतीनं शोधायचं ठरवलं. तुम्हाला माहीतच आहे, मला हे गाव रस्त्यांवरून कळत नाही, सिद्धरामेश्वरांच्या अडुसष्ट लिंगांवरून कळतं. रिक्षावालासुद्धा माझ्याकडूनच शिकतो. तेव्हा एकेका लिंगाला मुलांना घेऊन जायचं, दर्शन झालं की आजूबाजूला बघायचं. पुण्यही आणि मैदानही. अशाच एका लिंगामागच्या बोळात पडक्या भिंतीतून वाट दिसली, आणि आत, अण्णा, काय सांगू.

मोठं आवार. दाट कडुलिंब. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत माठाजवळ बसल्यासारखा गारवा. झाडून स्वच्छ केलेलं, कागदाचा कपटा नाही. आणि सगळीकडं ओटे. पलीकडच्या बाजूला मोठे, सिमेंटचे, निवांत पडून वाचायला. मधे मध्यम, यावरून त्यावर उड्या मारायला. आणि भिंतीच्या कडेला, लिंबाखाली, अगदी बुटके मातीचे ओटे, सारवलेले, लहानग्यांना पडलं तरी लागू नये असे. कुणीतरी वयं ओळखून तीन मापं केली होती! मोठ्या ओट्यांवर पाट्या होत्या. चुन्याखाली अर्धी अक्षरं गेलेली, पण "लिंगैक्य" आणि "स्मरणार्थ" एवढं वाचता येत होतं. मी मनात म्हटलं, काय ही दानत! आपल्याकडं देवळातला पंखा, पाणपोईचा पेला, स्टँडवरचं बाकडं, सगळंच कुणाच्या तरी स्मरणार्थ असतं. मला वावगं काय वाटणार?

तिथं धोंडप्पा नावाचा राखणदार होता, झाडू घेऊन. त्यानं विचारलं, "कुनाकडं आलाव, आक्का?"

"कुणाकडं म्हणजे? पोरं खेळवायला."

त्यानं झाडू भिंतीला टेकवला. मग म्हणाला, "खेळू द्या की. हितल्यांनाबी बरं वाटंल." आणि थोडं पुढं जाऊन परत आला. "जाताना फकस्त हाक मारू नका. हात धरा नि न्या." मला वाटलं, दृष्टीबिष्टीचं काहीतरी असेल. मी मान डोलावली.

आम्ही रोज दुपार कलली की जाऊ लागलो. सिद्धेश्वरीचा मोबाइल तिथं लागत नसे, तरी तिनं तक्रार केली नाही. चन्नवीर एकटाच लपाछपी खेळायचा. मी विचारलं, "एकट्याची कसली रे लपाछपी?" तर म्हणाला, "सगळे सापडले की सांगतो." आणि शिवू, जो माणूस दिसला की रडतो, तो त्या मातीच्या ओट्यांमधे तासभर बसून हसायचा. माती समोर असून तोंडात घालायचा नाही. मधेच काही बोलायचा, थांबायचा, ऐकायचा, परत बोलायचा. एकदा घरी निघताना मी चुकून हाक मारली, "बाळा, चल रे!" शिवू माझ्या कडेवरच होता, अण्णा. वारा नव्हता. पण लिंबावरची पाखरं गप्प झाली आणि मला असं वाटलं की त्या कडेच्या सगळ्या ओट्यांवरून कुणी कुणी मान वर करून बघितलं. मी पदर घट्ट खोचला, पंचाक्षरी म्हणत बाहेर आले, आणि उन्हाचा चटका बसला तेव्हा बरं वाटलं.

त्या रात्री जेवताना शिवू मला "अव्वा" म्हणाला. चांगला स्पष्ट. मग "बा इल्ली." देवयानी खूश, तिला वाटलं आजीनं "आई, इकडं ये" एवढं कानडी शिकवलं. मी शिकवलेलं नाही. या घरात मला सगळी आजी नाहीतर आई म्हणतात. अव्वा कुणीच म्हणत नाही.

आणि मग गेल्या गुरुवारी पलीकडचं मोठं फाटक उघडलं. ते आम्ही कधी बघितलंच नव्हतं. हलगी वाजत आली, भजन आलं, आणि माणसांच्या खांद्यांवरून फुलांनी सजवलेलं विमान आलं. त्यात एक आजोबा मांडी घालून बसलेले. डोक्याला फेटा, कपाळभर विभूती, डोळे मिटलेले. चन्नवीर ओट्यावर चढून ओरडला, "आजी, यांचा बर्थडे आहे?" आणि त्यानं त्यांना टाटा केला. खांदेकऱ्यांचा पाय खड्ड्यात गेला आणि, खोटं सांगत नाही, आजोबांनी मान हलवली. हो म्हटल्यासारखी.

तेव्हा मला कळलं मी तिघांना कुठं आणत होते.

तुम्ही म्हणाल, साठी उलटलेली बाई आणि रुद्रभूमी ओळखता येत नाही? कशी येणार? आपल्यात बसवून पुरतात हे ऐकून माहीत, पण बायका उंबऱ्यापर्यंत. हे गेले तेव्हा त्यांचं सगळं वळसंगच्या शेतात झालं. आणि माझ्या पहिल्याच्या वेळी तर मी इथंच, सोलापूरच्या घरात, बाळंतिणीच्या खोलीत होते. तुम्ही आणि हे त्याला टॉवेलात गुंडाळून घेऊन गेलात, ओल्या कपड्यांनी परत आलात, आणि वहिनींनी मला गरम भात वाढला. मी विचारलं नाही.

घरी येऊन तिघांना डोक्यावरून अंघोळी घातल्या. देवयानी म्हणाली, "आई, आत्ता अंघोळ?" मी सांगायच्या आत चन्नवीरनं बसलेल्या आजोबांचं सगळं सांगून टाकलं. तिनं टॉवेल खाली ठेवला. "आई, स्मशानात?"

"रुद्रभूमीत," मी म्हटलं, जसं काही त्यानं बरं दिसणार होतं.

तर असं झालं. आता तिघंही तिथंच न्या म्हणून हट्ट धरून बसलीत आणि देवयानी बॅगा काढून बसली आहे. मी काय करावं? तुम्ही वडीलधारे. एकदा येऊन ती जागा बघावी आणि काय ते सांगावं. वहिनींना नमस्कार. येताना बाजरी आणू नका, आहे.

तुमची बहीण,
नागम्मा

ता. क. पत्र परत वाचलं. मुलांचा हट्ट आणि बॅगा, दोन्ही मी रचलेलं आहे. देवयानी त्या दिवशी आधी पांढरी पडली, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि दुसऱ्या दिवशी तिनंच जवळच्या एका शाळेचं मैदान शोधलं. वाळू आहे, कबड्डी आहे, सिद्धेश्वरीला मैत्रिणी आहेत. राहणार आहेत सगळी. राहिलेले नारळ काल फोडले. शिवूही आता आजी म्हणतो.

ता. क. २. तिथं जाते ती मीच. देवळात जाते म्हणून सांगते. धोंडप्पा काही म्हणत नाही, तो नंतर आलेला, त्याला जुनं ठाऊक नाही. बाळाचं नाव ठेवलेलं नव्हतं, म्हणजे पाटी असणार नाही. हे गेले. आता तुमच्याशिवाय त्याची जागा कुणालाच माहीत नाही. गुडघा दुखतो हे माहीत आहे. रिक्षा थेट फाटकापर्यंत येते, भाडं मी देईन. रडणार नाही. तुम्ही आत येऊ नका हवं तर, लांबून नुसतं बोट दाखवा, त्याचा ओटा कुठला ते. तोवर मी कडेचे सगळेच ओटे सारवते, म्हणजे त्याचा राहून जायला नको.