छापील प्रश्नात मिसरी नव्हती

माय,

तुझ्यासारख्या बायकांवर एक लेख छापून आलाय. दातांच्या डॉक्टरांचं एक इंग्रजी जर्नल असतं, त्यात. लेखातला बराचसा मजकूर माझा आहे आणि लेखावर माझं नाव नाही. नाव मीच काढायला लावलं. तू असतीस तर हातातलं काम न थांबवता विचारलं असतंस, कावून? तेच सांगायला बसले आहे. सांगता सांगता मलाही नीट कळलं तर बरं.

सुरुवात तुझ्या तव्यापासून करावी लागेल. कड्याला दादा साखर कारखान्यावर कामाला होते तेव्हाच्या आपल्या त्या दोन खोल्या. तू महिन्यातून एकदा तंबाखूची पानं तव्यावर भाजायला घेतेस, पार काळी कुळकुळीत होईपर्यंत, आणि मला आधीच बाहेर पिटाळतेस, कारण त्या धुरानं माझा घसा बसतो. शेजारणी ठसकत ठसकत येतात, शिव्या देतात आणि जाताना चिमूटभर पदरात बांधून नेतात. मग पाट्यावर बारीक वाटणं, जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून गाळणं, डबी भरणं. सकाळी चहाच्या आधी तू उंबऱ्यापाशी बसून ती काळी पूड बोटावर घेऊन दातांवर, हिरड्यांवर फिरवायचीस आणि तशीच तोंडात धरून भांडी घासायचीस. मिसरी लावल्याशिवाय तुझा दिवसच सुरू व्हायचा नाही. आणि हीच तू, शेजारच्या काकांनी ओट्यावर बसून हातावर तंबाखू मळली की त्यांना उठवायचीस. आमच्या दारात नशापाणी चालत न्हाई म्हणायचीस. रविवारी पांढरं लुगडं नेसून विहारात जायचीस. पंचशील म्हणताना पाचव्या शीलाला, नशेच्या पदार्थांपासून दूर राहण्याच्या, तुझा आवाज बाकीच्या बायकांच्या वर चढायचा. तुझ्या माहेरी आज्यानं धम्म घेतला तेव्हापासून दारू बंद झाली होती. त्याचा तुला फार अभिमान होता. त्या अभिमानात खोट नव्हती, माय. हे आज मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण छापलेल्या लेखात ते कुठंही नाही.

मी दातांच्या कॉलेजात शिकत होते तेव्हा आम्हांला ठरावीक कामं पुरी केल्याशिवाय परीक्षेला बसता येत नसे आणि पेशंट आपले आपणच मिळवावे लागत. शहरातल्या मुली मावशी, आत्या, घरी काम करणाऱ्या बाईला घेऊन यायच्या. मी तुला आणलं. तू चपला काढून खुर्चीखाली नीट जोडून ठेवल्यास आणि खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसलीस. आमच्या मास्तरांनी कागद पुढं ओढून विचारलं, काही व्यसन? तंबाखू? तू ठामपणे न्हाई म्हणालीस. त्यांनी तुझ्या तोंडात बघितलं, माझ्याकडं बघून जरासं हसले आणि म्हणाले, लिहा, नाही म्हणतात. मी लिहिलं. परतताना स्टँडवर तू घेतलेला चहा तसाच ठेवलास.

"पंचशील घेतल्याल्या बाईला नशा इचारतेत व्हय गं तुमच्यात? दवाखाना हाय का पोलीस चौकी?"

मी म्हणाले, माय, मिसरी म्हणजे तंबाखूच की. तू माझ्याकडं असं बघितलंस, जसं काही मी तुला चोर म्हणाले.

"तंबाकू खात्यात. मिसरी दाताला लावत्यात. तुला येवढं शिकीवलं, त्यात ह्ये न्हाई शिकीवलं?"

त्या दिवशी मी तुझ्या दातांवरचा काळा थर खरवडून काढला होता. पंधरा दिवसांत तू तो परत चढवलास. पुढं काही वर्षांनी चार दिवसांच्या तापात तू गेलीस. तोंडाच्या आजारानं गेली असतीस तर मला गोष्ट सांगणं सोपं झालं असतं, लोकांनी हळहळून ऐकली असती. तसं झालं नाही. तुझ्या खालच्या ओठाच्या आत, तंबाखू टेकते तिथं उठतो तसा पांढुरका, सुरकुतलेला पट्टा होता, हिरड्या खाली उतरल्या होत्या, बस्स. तेवढंच माझ्या हाती आहे.

आता लेखाचं. मी ज्या कॉलेजात शिकवते तिथल्या आमच्या विभागप्रमुख सरांनी ठरवलं, की बीड जिल्ह्यातल्या गावांतून बायकांची तोंडं तपासायची आणि त्यावर लेख लिहायचा. मलाही तो हवा होता. लेखाशिवाय बढती नाही, आणि माझ्यानंतर लागलेले दोघं माझ्या पुढं गेले आहेत. प्रश्नावली सरांनी इंग्रजीवरून मराठीत करून घेतली. 'व्यसने' असं शीर्षक, खाली तंबाखू, गुटखा, बिडी, दारू. मिसरी नव्हती. प्रश्न विचारायचं काम माझं, कारण मी इकडची. सगळ्यांना प्रश्न छापील शब्दांतच विचारायचा, एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही, नाहीतर उत्तरांची तुलना होत नाही. हा नियम बरोबर आहे, मी तो विद्यार्थ्यांना शिकवते. मी गावोगाव तो प्रश्न वाचत गेले. बायका न्हाई म्हणत गेल्या. मी न्हाईपुढं खूण करत गेले, मग बॅटरी लावून आत बघत गेले, आणि आत तुझंच तोंड होतं. तोच काळा थर, तोच पट्टा. उत्तर आणि तोंड यांचा मेळ मी का घातला नाही, हे मी स्वतःला विचारून थकले. पांढरा कोट अंगात असला आणि हातात छापील कागद असला की आपण विचारणाऱ्यांच्या बाजूचे होतो, एवढंच मला सापडलं. ते पुरेसं कारण नाही.

उमापूर शेवटचं गाव होतं. तिथं एक म्हातारी, तू असतीस तर तुझ्याच वयाची, सगळ्या प्रश्नांना न्हाई म्हणाली, तोंड तपासून झाल्यावर खुर्चीवरून उतरली आणि कमरेची डबी काढून माझ्यापुढं धरली.

"घ्या म्याडम, लावा जराशी. घरची हाय, इकतची न्हाई."

मी म्हणाले, आजी, तुम्ही तर तंबाखू नाही म्हणालात. ती मागं वळून रांगेतल्या बायकांना म्हणाली, "बगा गं, डाक्टरीन बाईला मिसरी ठाव न्हाई." कुणीतरी मागून म्हणालं, "पेष्टवाल्या हायेत त्या, त्यास्नी कशाला ठाव आसंल," आणि सगळा ओटा हसला. मीही हसले. त्यानंतर रांगेतल्या प्रत्येकीला मी मिसरीचं विचारलं. एखाददुसरी सोडली तर सगळ्याच लावत होत्या, आणि सांगताना कुणालाच लाज नव्हती. लाज वाटण्यासारखं त्यांनी काही केलंच नव्हतं. त्या खोटं बोलल्या नव्हत्या. खरंही हाती आलं नव्हतं. बाकीची सगळी गावं मात्र मागं पडली होती.

सर तोपर्यंत खुशीत होते. कोष्टकं तयार झाली होती आणि त्यांतून असं निघत होतं, की तंबाखूला न शिवणाऱ्या बायकांच्या तोंडातही तसेच चट्टे आहेत. हे नवीन आहे मॅडम, असं कुणी लिहिलेलं नाही, जर्नलवाले उचलून धरतील, असं ते म्हणत होते. कारण म्हणून त्यांनी सुचवलं कुपोषण, कष्ट, आणि 'तोंडाच्या स्वच्छतेची अनास्था'. हे शब्द मी पहिल्यांदा त्यांच्या केबिनमध्ये वाचले. तू राखेनं घासलेल्या पितळी तांब्यात तोंड दिसायचं. मी त्यांना उमापूरचं सांगितलं. ते म्हणाले, ते एक गाव झालं, बाकीच्यांना आपण विचारलेलं नाही, मग लिहिणार कशाच्या आधारावर? मी म्हणाले, परत जाऊन विचारू. ते म्हणाले, कॉलेजच्या मान्यतेसाठी तपासणीचं पथक येतंय, त्याच्या आत लेख स्वीकारलेला पाहिजे. मग मी तुझं सांगितलं. सांगायला नको होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, तुमच्या आईंचं मला समजतं. पण आई म्हणजे पुरावा नाही. तुमच्याकडच्या बायकांबद्दल तुम्ही हळव्या होताय."

पुराव्याचं ते चूक म्हणत नव्हते, हे मला अजून टोचतं. 'तुमच्याकडच्या' म्हणजे कुठल्या, बीडच्या की आमच्या वस्तीतल्या, हे मी विचारलं नाही.

मग मी लेख तयार केला. संदर्भ जर्नलला हवे तसे लावले, गोषवारा शब्दमर्यादेत बसवला, कोष्टकं वेगळ्या पानांवर घेतली, लेखकांची नावं काढून दुसरी प्रत केली, कारण जर्नलतर्फे लेख तपासणाऱ्यांना लेखक कोण ते कळू द्यायचं नसतं. चर्चेच्या शेवटी मी मिसरीवर एक परिच्छेद घातला होता. आमचा प्रश्न कुठं फसला आणि त्यामुळं कुठली कोष्टकं भरवशाची नाहीत, ते साध्या शब्दांत. सरांनी तो काढला आणि 'स्वतःबद्दल दिलेल्या माहितीच्या काही मर्यादा असू शकतात' एवढं एक वाक्य ठेवलं. आपणच आपल्या पायावर धोंडा कशाला पाडून घ्यायचा, म्हणाले. नावांच्या यादीत पहिले ते, दुसरी कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांची सून, जिनं एकही गाव बघितलं नव्हतं, तिसरी मी. लेख गेला.

दीड-दोन महिन्यांनी तपासणाऱ्यांचे शेरे आले. त्यांतल्या एकानं, कोण कुठला ते कधीच कळणार नाही, नेमकं तेच विचारलं होतं. या बायका तंबाखू नाही म्हणाल्या, पण भाजक्या तंबाखूची पूड दातांना लावण्याची चाल त्या भागात आहे, ती वेगळी विचारली होती का? माय, मला इतकं बरं वाटलं. कुणीतरी तुला ओळखलं होतं. मी पळत सरांकडं गेले. ते म्हणाले, मी उत्तर लिहितो, तुम्ही कोष्टकं बघा. त्यांचं उत्तर मी जर्नलच्या साइटवर चढवताना वाचलं. त्यात लिहिलं होतं, की सर्व प्रश्न बोलीभाषेत विचारले गेले, आणि विचारणारी प्रशिक्षित तपासनीस स्वतः त्याच भागातली, स्थानिक चालीरीती जाणणारी असल्यानं असा गैरसमज होण्याचा संभव नाही.

ती तपासनीस म्हणजे मी. तुझ्या तव्याच्या धुरानं जिचा घसा बसायचा ती मी. लेखकांच्या पंगतीत मला तिसऱ्या पाटावर बसवलं होतं, ते मी गिळलं होतं. पण इथं माझं गाव, माझी भाषा, तू, सगळं त्या खोट्या कोष्टकांना जामीन म्हणून उभं केलं होतं. मी सरांना सांगितलं, हे वाक्य काढा, नाहीतर माझं नाव काढा. ते म्हणाले, नाव काढायला तुमच्या सहीचं पत्र लागेल. मी दिलं. त्यांनी ते इतक्या तयारीनं घेतलं, की वाटलं, तिसऱ्या जागेसाठी कुणीतरी ताटकळत असावं. होतंच. छापलेल्या लेखात तिथं दुसरंच नाव आहे.

लेख आला तेव्हा मी सगळ्यात आधी नावांचीच ओळ बघितली. मीच काढलेलं नाव मी शोधत होते. मग खाली गेले. 'पद्धती' या भागात ते वाक्य जसंच्या तसं आहे, स्थानिक चालीरीती जाणणारी तपासनीस, आणि शेवटी तुमच्या स्वच्छतेच्या अनास्थेचं. आभाराच्या ओळीत संस्थेच्या अध्यक्षांचे आभार आहेत. आता पुढं कुणी दुसरा लेख लिहील आणि संदर्भ देईल, की बीडकडच्या बायकांना तंबाखूशिवायही असे चट्टे होतात. ते वाचून कुणी डॉक्टर उमापूरला गेलाच, तर म्हातारीच्या डबीकडं त्याचं लक्ष जाणार नाही. तिला दात घासायचा ब्रश देऊन येईल. तिचा तो पट्टा तसाच वाढत राहील. मला राग येतो तो याचा. माझी बढती हुकल्याचा राग येत नाही असं लिहिलं असतं, पण तो येतो.

जर्नलमध्ये संपादकांना पत्र लिहिता येतं. छापलेल्या लेखातली चूक दाखवणारं, छोटंसं, कुणीही लिहावं असं. गेले तीन रविवार मी ते लिहायला बसते. मिसरी काय असते, ते लिहून झालंय. प्रश्न कसा छापला होता तेही झालंय. सरांवर थेट आरोप होणार नाही अशी भाषाही सापडली आहे. पण संपादक पहिलं विचारतील, हे तुम्हांला कसं माहीत? त्याचं उत्तर एकच आहे. ती तपासनीस मी होते, मला माहीत होतं, आणि तरी मी छापील प्रश्नच विचारला.

आजही त्यालाच बसले होते. ते एक वाक्य लिहवेना, म्हणून तुला लिहीत राहिले. तुला लिहिलेलं कुठं पाठवावं लागत नाही.