नानांच्या वावरातली वांग्याची फुलं

२९ ऑगस्ट
शिक्षक दिन यंदाही माझ्याच गळ्यात मारला. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, तुम्हाला हौस आहे." हौस कसली! बाकीच्यांना नाही म्हणता येतं, मला येत नाही, एवढंच. विषय : देशोदेशीचा शिक्षक दिन. सातवीच्या पोरांबरोबर मोबाइलवर शोधत बसले. कोरियात पोरं शिक्षकांच्या छातीला फूल लावतात. व्हिएतनाममध्ये जुने विद्यार्थी गुरुजींच्या घरी जातात. अर्जेंटिनात त्या दिवशी शाळेला सुट्टीच. हा देश मला फार पटला.

थायलंडमध्ये दूर्वा आणि वांग्याचं फूल घेऊन शिक्षकांपुढे गुडघे टेकतात. वांग्याचं फूल खाली वाकलेलं असतं, म्हणून ते नम्रतेचं. वर्ग हसून लोळला. वांगं म्हणजे आपल्याकडे भरीत, दुसरं काय! पण बसवायचं हेच ठरलं.

१ सप्टेंबर
शाळा सुटल्यावर स्कूटी घरी, पिंप्राळ्याकडे न वळवता नानांच्या वावरात नेली. चौथीत मला फळ्यापाशी उभं करून बोलायला लावलं ते याच नानांनी. नाहीतर मी तोंड उघडणारी नव्हते. पुढे त्यांच्याच हाताखाली, याच शाळेत नोकरीला लागले.

त्यांच्या निवृत्तीच्या सत्काराला पाहुणे इतके उशिरा आले की उन्हात बसलेली एक पोरगी चक्कर येऊन पडली. नाना मंचावरून उतरले, तिला उचलून दवाखान्यात गेले. शाल-श्रीफळ तिथंच राहिलं. तेव्हापासून शाळेच्या फाटकात पाय नाही. दर वर्षी शिक्षक दिन चुकवायला चार सप्टेंबरला एस.टी.त बसून साक्रीला, लेकीकडे.

"यंदा या ना नाना. मंडप नाही, पाहुणे नाहीत, फक्त पोरं."
"लहानपणी पण अशीच मागं लागायचीस."
म्हणजे नाही. चहा मात्र पाजला. वांग्यांना पहिला बहर आलाय, तो वाकून वाकून दाखवला. नातवंडं दाखवावीत तसा.

मला ते एकदा तरी वर्गात हवेत. बस.

४ सप्टेंबर
सकाळी नाना स्टँडवर दिसले, हातात पिशवी. साक्री. मला बघून हात केला, वर हसले. असा राग आला की रडूच फुटलं, हेल्मेटमध्ये.

पोरांना सांगितलं, उद्या वांग्याचं फूल आणा, एकेक. नानांच्या नावानं खुर्ची ठेवू, त्यावर वाहू. गुडघे टेकणं वगळलं. नाना पाया पडू देत नाहीत. जयभीम तोंडानं म्हणायचा, पाय कुणाचे धरायचे नाहीत, हा त्यांचा जुना नियम.

५ सप्टेंबर
पोरांनी घमेलंभर फुलं आणली. एकेक म्हटलं होतं!
"कुठून आणली एवढी?"
कोमल भलतीच खुशीत. "नानाना वावरमाईन! बठ्ठा फूलं लई उनूत मॅडम. नानासाठेच शेतस ना?"

बठ्ठा, म्हणजे सगळीच. नानांचा पहिला बहर. आणि पोरांचं तरी काय चुकलं? नानांसाठी फुलं, मग नानांच्याच वावरातली. त्यांना यात काही वावगं दिसलंच नाही.

कार्यक्रम झाला म्हणे. मु.अ. म्हणाले, छान. कोरिया झाला, थायलंड झाला. मला समोरच्या खुर्चीवरची, घमेल्यातल्या मूठभर फुलांची ती जांभळी जुडी तेवढी दिसत होती.

७ सप्टेंबर
नानांना फोन केला, उचलला नाही. परत केला. साक्रीकडे डोंगरात रेंज नसते, मला माहीत आहे. तरी.

शाळेत आणायच्या नादात तो चहासुद्धा घालवून बसले. यांना सांगितलं तर म्हणाले, "वांगीच ती, परत येतील." यांना काय सांगायचं! नाना बोलायचे बंद झाले तर मी जाऊ कुठे? आई गेल्यापासून 'अगं तू' म्हणणारं दुसरं आहे कोण मला?

८ सप्टेंबर
नाना गावात आलेत, असं शाळेत कळलं. वावरात जायला निघाले, अर्ध्या वाटेवरून परत फिरले. खुर्ची अजून वर्गातच आहे. उचलवत नाही.

९ सप्टेंबर
नाना आले. शाळेत.

तिसरा तास चालू होता. फाटकातून सरळ, कुणाकडे न बघता, चिखलाच्या चपला दाराशी काढून वर्गात. पोरं ताडकन उभी.
"हाई कोन शिकाडं तुमले?"
सगळी बोटं माझ्याकडे. थायलंड, नम्रता, वाकलेलं फूल, सगळं सांगून मोकळी. कार्टी!

"नाना, तुमच्यासाठीच..." चौथीतल्यासारखी फळ्यापाशी उभी.

नाना खुर्चीपाशी गेले. मग त्यांनी खुर्चीवरची जुडी उचलली. सुकून काळी पडलेली. उलटीसुलटी करून बघितली. म्हणाले, "वांग्याचं फूल काही नमस्कार करायला वाकत नाही. ते तसंच असतं." आणि माझ्यापुढे हात केला. मला आधी कळलंच नाही. खडू हवा होता.

फळ्यावर दोन फुलं काढली. मधली दांडी लांब, त्या फुलाला फळ धरतं. दांडी आखूड, ते फूल गळतं. आखूड दांडीच्या फुलावर खडू टेकवून म्हणाले, "तोडनंच व्हई तर हाई तोडा."
कोमल : "आमी कोनतं तोडं, नाना?"
"बठ्ठं."
पोरं हसली. नाना नाही हसले, पण थांबलेही नाहीत. घंटा होईपर्यंत बोलत राहिले. उजव्या हातात खडू, डाव्या हातात ती जुडी. देठाला काटे असतात, टोचत असणार. खाली काही ठेवली नाही.

घंटा झाली. फळ्याकडे बघून म्हणाले, "अर्धं राहिलं." जुडी घेऊन निघाले.

उद्या येतो म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. विचारलं की नाही म्हणतील.

आज फळा पुसायची पाळी कोमलची होती. शाळा सुटली तरी तिनं डस्टरला हात लावला नाही, नानांची दोन फुलं तशीच. मी वर्गाला तसंच कुलूप लावलं.