दोघांना एकच ताट

बेळगुंदी,
बुधवार, १४ मे २०२५

तीर्थरूप आक्का,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. माझा फोन तू उचलत नाहीस, ते बरोबरच आहे. म्हणून मिलिटरीत असताना लिहायचो तसं पत्र लिहायला बसलोय. चष्मा लावून तूच वाच, सूनबाईला वाचून दाखवायला सांगू नको. का ते पुढं कळेल.

सगळ्यात आधी हे सांगतो, तेजस्वी बरी आहे. खरंच बरी आहे. पायाचं हाड मोडल्याचं तुझ्या कानावर आलं असेल, ते जुळलंय. काठी सुटली. स्वरूप पोलीस भरतीचं मैदान पास झाला, पुढच्या निकालाची वाट बघतोय. तुझ्या भावजयीचे, मालुबाईचे गुडघे आहेत तसेच. काजू यंदा कमी आला, फणस मात्र बुंध्यापासून लागलेत.

आता आपलं. गणपतीत तू आलीस, तेजस्वीच्या हातावर मोदक ठेवलास आणि मी तो काढून घेतला. तू म्हणालीस, "भावकू, पोरीचं तोंड बघ रं, वाळून चाललीया." मी चारचौघांत म्हणालो, "आक्का, तुज्या घरात काय चालवायचं ते चालव. हितं माजं चालतंय." तू त्याच पावली बोरगावची वाट धरलीस. आठ महिने झाले.

तेव्हा तुला नीट सांगितलं नव्हतं. गेल्या मे महिन्यात मी दोन्ही पोरांना खाण्याची शिस्त लावली होती. स्वरूपला भरतीला उतरायचं होतं, तेजस्वीला कॉलेजकडून पाच किलोमीटर पळायचं होतं. मोबाईलवर दंड फुगवून दाखवणारा एक माणूस सांगायचा, ते मी वहीत उतरवून घेतलं. दुपारी बारापर्यंत नुसतं पाणी. संध्याकाळी सातनंतर काही नाही. भात, भाकरी, गूळ, रताळं बंद. अंडी, मोडाचे मूग, कोंबडी चालू. पलटणीत सगळ्यांना एकच ताट असायचं, तसंच घरात केलं.

त्याचा मला अभिमान होता, आक्का. आपल्या लहानपणी मला दूध आणि तुला ताक मिळायचं, ते मी विसरलेलो नाही. माझ्या घरात पोरगा-पोरगी असं काही करायचं नाही, हे मी फार आधी ठरवलं होतं.

दोन महिन्यांत स्वरूप सहा किलोनं उतरला. छाती वर आली, पळण्याचा वेळ दीड मिनिटानं कमी झाला. तेजस्वीचं वजन थोडं उतरलं आणि अडलं, आणि वेळ उलट वाढायला लागला. उन्हातसुद्धा अंगावर स्वेटर घेऊन बसायची. फणीत केसांचा पुंजका निघायचा. मी म्हणायचो, "दादा बघ कसा झालाय. तू चोरून खातीस." ती म्हणायची, "न्हाय ओ आप्पा." मी ऐकलं नाही. मालुबाईला सांगून रताळी शेजारच्यांना देऊन टाकली.

इथवर लिहिलं आणि उठून गाईला पाणी पाजून आलो. पुढचं हातातून उतरत नाही.

दिवाळीच्या तोंडावर मालुबाईनं मला घरामागं परड्यात बोलावलं. "पोरीचं चार म्हयनं झालं, न्हाय," म्हणाली. मी विचारलं, "काय न्हाय?" "बायकांचं असतंय ते." मग मला कळलं. पाळी. लिहिला बघ शब्द. बावन्न वर्षांचा झालो, पहिल्यांदा लिहिला.

"डॉक्टरणीला दावूया," मालुबाई म्हणाली. आजार असेल, अशक्तपणा असेल, असलं काही माझ्या मनातच आलं नाही. माझ्या मनात भलतंच आलं. कॉलेजला जाते, मैदानावर पोरं असतात, असलं सगळं. मालुबाई माझ्या तोंडाकडं बघून समजली. म्हणाली, "माजी पोरगी तसली न्हाय." मी म्हणालो, "मग काय हाय?" तेजस्वीचा मोबाईल काढून घेतला. तिला एक शब्द विचारला नाही.

आणि आक्का, तिला घेऊन निपाणीला गेलतो. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून बेळगावातले सगळे दवाखाने सोडून. खेळाडूच्या सर्टिफिकेटला लघवी तपासायची आहे, असं तिला सांगितलं. लॅबमधल्या माणसानं "हेसर येन्री?" म्हणून नाव विचारलं. तेजस्वीनं सांगायला तोंड उघडलं. तिच्या आधी मीच सांगितलं, "रचना. गाव बोरगाव."

तुझ्या नातीचं, सूनबाईच्या पोरीचं नाव सांगितलं, आक्का. त्या वयाच्या पोरीचं नाव म्हणून तेच तोंडात आलं, इतकंच. माझ्या पोरीला झाकायला मी तुझी नात पुढं केली. तिथून तुझं घर अर्ध्या-पाऊण तासावर, आणि मी तोंड न दाखवता परत फिरलो.

तेजस्वीनं बाटली घेतली, आत गेली, बाहेर आली. तपासणी कशाची आहे ते तिला कळलं होतं. माझ्याकडं एकदा बघितलं. येताना बसमध्ये संकेश्वर गेलं, हत्तरगी गेलं, काकती आलं, तरी ती खिडकीकडचं तोंड वळवायला तयार नव्हती.

तसलं काही निघालं नाही. कागद मी तिथंच फाडला. आणि मला बरं वाटलं! माझ्या लेखी विषय संपला. पाळी आलेली नव्हती, ते तसंच होतं, पण त्याचा मी विचारच केला नाही. दुसऱ्या दिवशी तिला परत मैदानावर काढली. मोबाईल परत दिला, तो वाढदिवसाची भेट द्यावी तसा.

जानेवारीत बेळगावच्या स्पर्धेत तिसऱ्या किलोमीटरला ती खाली बसली. ना ठेच, ना कुणाचा धक्का. नडगीच्या हाडाला पळून पळून चीर गेली होती. हाडाच्या डॉक्टरनं फोटो बघितला आणि पहिला प्रश्न पाळीचा विचारला. मालुबाई माझ्याकडं बघायला लागली. तेजस्वी खाटेवरूनच म्हणाली, "सात म्हयनं झालं, न्हाय."

त्यांनी बायकांच्या डॉक्टरणीकडं, सुविधा मॅडमकडं पाठवलं. निपाणीकडच्याच आहेत, वयानं तरुणच. त्यांनी तेजस्वीला काय खातेस ते विचारलं, सगळं लिहून घेतलं आणि मला म्हणाल्या, "काका, हिला आजार नाही. ही उपाशी आहे."

मी म्हणालो, "मॅडम, पोरगा बी तेच खातोय. त्येला काय झालं न्हाय."

"त्याचं अंग वेगळं, हिचं वेगळं," त्या म्हणाल्या. "खाणं कमी पडलं की बाईचं शरीर लवकर सावध होतं. पोटात मूल वाढवायची ताकद नाही असं समजून आधी पाळी थांबवतं. मग हाडांना लागणारं पण मिळत नाही. वजनसुद्धा धरून ठेवतं, म्हणून उतरत नव्हतं. फार उपाशी राहिलं तर पुरुषालाही बाधतं, पण त्याला वेळ लागतो. तुम्ही दोघांना सारखं दिलं, चांगल्या मनानं दिलं. पण दोघांना सारखं लागू पडत नाही."

मी एवढंच विचारू शकलो, "परत नीट हुईल?"

"होईल. पोटभर घाला, पळणं बंद ठेवा आणि वाट बघा."

फेब्रुवारीपासून वाट बघत होतो. भात, भाकरी, लोणी, रताळं सगळं आलं. पण तिला खायचीच भीती बसली होती. अर्धी भाकरी खाऊन माझ्याकडं बघायची. म्हणून मी बाहेर सोप्यात बसून जेवायला लागलो. मालुबाई तिच्याजवळ बसायची. मार्च गेला, एप्रिल गेला. मी विचारू शकत नव्हतो आणि मालुबाई काही बोलत नव्हती.

गेल्या शुक्रवारी परड्यात शिडी लावून फणस काढत होतो. मालुबाई दारात आली. "आली," म्हणाली. एवढंच. मी शिडीवरून उतरलो आणि खालीच बसलो. मी, मिलिटरीतला हवालदार, बायकोच्या पुढ्यात हुंदके देऊन रडलो. ती म्हणाली, "हाताला चीक हाय, डोळं पुसू नगासा." आणि आपल्या पदरानं पुसले.

त्या दिवशी दुपारी तेजस्वीजवळ जाऊन बसलो. चुकलं म्हणालो. ती म्हणाली, "आप्पा, खायला दिलासा न्हाय, त्येचं मला कायबी न्हाय. माज्या चांगल्यासाठी केलासा. पण इचारायचं तरी हुतं. मी खरंच सांगितलं असतं. आणि तिथं माजं नाव का लपीवलासा? मी काय केलतं?"

मी म्हणालो, "तू न्हाय. चुकलं ते माजंच."

"आणि रचनाचं सांगितलासा. ते आत्तीला सांगा. तुमीच सांगायचं."

सोमवारी ती म्हणाली, निपाणीला जाऊया. दोघं गेलो. माणूस तोच होता. इतक्या महिन्यांनी नाव बदलत नाही, म्हणाला. तेजस्वी काउंटरपाशी उभी राहून कानडीत सगळं समजावत होती. ती रचना नव्हती, मी होते, माझं नाव लिहा, गाव बेळगुंदी लिहा. बसलेली माणसं वळून बघत होती. ती हलली नाही. शेवटी त्यानं कॉम्प्युटर उघडला आणि नाव बदललं. बाहेर आल्यावर मी म्हणालो, बोरगाव जवळ आहे, जाऊन येऊया. ती म्हणाली, "आदी पत्र. आत्तीनं बोलीवलं तर मग जायाचं."

म्हणून हे पत्र. रचनाला सांगायचं की नाही ते तू ठरव. सांगितलंस तर मी येऊन तिच्यासमोर उभा राहीन, ती बोलेल ते ऐकून घेईन. तेजस्वी माझ्याशी पहिल्यासारखं बोलत नाही अजून. चालेल मला. आज सकाळी मैदानाकडं चालत गेली, पळायला नाही, नुसतं बघायला. आल्यावर आईला म्हणाली, भूक लागलीया. मी सोप्यात होतो, ऐकलं. इतकं हलकं मला रिटायर होऊन घरी आलो त्या दिवशी वाटलं नव्हतं.

माझ्याशी बोलू नको वाटलं तर नको बोलूस. तेजस्वीला मात्र फोन कर, आक्का. ती वाट बघते आहे.

तुझा धाकटा भाऊ आणि तेजस्वीचा बाप,
भावकू