षटकारापुरता उजवा हात

३ मार्च, सोमवार
रोजनिशी सुरू. ऑक्युपेशनल थेरपीवाल्या बाईंचा हुकूम: रोज तीन ओळी उजव्या हातानं लिहायच्या. डिसेंबरात स्ट्रोक आला तेव्हापासून उजवा हात संपावर आहे. सध्या डाव्यानं लिहितोय. उजवा गुरुवारी रुजू होईल.
ध्येय: १९ एप्रिल, अंपायर समितीची चाचणी मॅच. आठवडाभर मी पाणीखात्यात फायली हलवतो, पण माणूस म्हणून जगतो तो रविवारी, स्टंपांमागे, पांढऱ्या कोटात. समिती म्हणते, षटकार दाखवताना दोन्ही हात डोक्यावर सरळ गेले तरच कोट तुमच्याकडे राहील. आज हात मोजला. चाळीस अंश वर जातो. लागतात एकशेऐंशी. किरकोळ फरक.

४ मार्च
हॉस्पिटलात डॉक्टरांनी प्रयोग समजावला. डोक्याला मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज, वर रबरी पट्टा, बारीकसा करंट, वीस मिनिटं. मेंदूचा आळसावलेला भाग त्यानं कामाला लागतो का, ते बघायचं. निम्म्या पेशंटना खरा करंट, निम्म्यांना लुटूपुटूचा. लुटूपुटूवाल्यांना अर्धा मिनिट मुंग्या येतात, मग मशीन गुपचूप बंद. कोणाला कुठला, हे थेरपिस्टलाही माहीत नाही. ते सीलबंद पाकिटात. पाकीट शेवटी फुटणार.
मला पाकिटाची गरज नाही. माझा खरा. कानामागे मुंग्या आल्या. शिवाय घरी येताना खात्यातल्या आजवरच्या सगळ्या साहेबांची नावं क्रमानं आठवली.
शेजारच्या खुर्चीत एक ट्रंपेटवाले, त्यांचाही हात गेलेला. काही जाणवलं का, विचारलं. म्हणाले, झोप आली हो. बिचारे. लुटूपुटूचे.

६ मार्च, गुरुवार
उजवा हात रुजू झाला. हे वाक्य त्यानंच लि
बाकीचं डाव्यानं. पहिल्या दिवशी ताण नको.

१० मार्च
करंट चालू असतानाच थेरपी. थेरपी म्हणजे कपड्यांचे चिमटे एका दांडीवरून काढून दुसरीवर लावायचे. बाई सव्वीस वर्षांच्या. मनातल्या मनात मी त्यांना चिमटेबाई म्हणतो. बारापैकी तीन चिमटे लागले. विचारलं, षटकार कधी? म्हणाल्या, काका, आधी चिमटा.
घरी एक जाडजूड हातमोजा दिलाय. तो चांगल्या हातात घालून दिवसाचे तीन तास काढायचे, म्हणजे नाइलाजानं उजवा कामाला लागतो. थोडक्यात, ज्यानं काहीच केलं नाही त्याला कोंडायचं. अंपायर म्हणून मला हे पटत नाही. दहा मिनिटांत डाव्याची निर्दोष मुक्तता केली. बाईंनी दिलेल्या सरावाच्या तक्त्यात तीन तास लिहिले.

१४ मार्च
हिची काळजी वाटते. वस्तू भलत्याच ठिकाणी ठेवायला लागलीय. रिमोट कपाटावर. माझा चष्मा फडताळाच्या वरच्या कप्प्यात, अगदी उजव्या कोपऱ्यात. डाव्यानं घ्यावा तर मध्ये फ्रिज. विचारलं तर म्हणते, अहो, घ्या की जरा हात लांब करून. स्मरणशक्ती तपासून घ्यायला हवी. डॉक्टर ओळखीचे झालेतच.

१८ मार्च
कपडे वाळत घालायचं कामही आता माझ्याकडे. म्हणे पाठ दुखते. आजारी माणसाला राबवून घेतात लोक! शिवाय दोरी सैल पडायची सोडून वर वर चाललीय. हवामान असेल.

२४ मार्च
सत्तर अंश! चिमटेबाईंनी टाळी वाजवली. त्यांनी वाजवायचं कारण नव्हतं. करंट माझ्या डोक्यात आहे. हिशेब केला: आतापर्यंत आठवड्याला दहा अंश. पण करंट साठत जाणार, म्हणजे पुढे वीस, मग चाळीस, मग ऐंशी. चाचणीला दोनशेदहा. हात डोक्यावरून मागे जाईल. वेळीच थांबवायला सांगायला हवं.

३१ मार्च, सोमवार
गैरसमज झाला. काल निवांत होतो म्हणून या आठवड्याचा तक्ता आधीच भरून ठेवला. बाईंनी आज विचारलं, काका, येत्या गुरुवारी तुम्ही तीन तास सराव केलात आणि थोडा थकवा जाणवला, हे कसं काय? म्हटलं, नियोजन.
हसल्या नाहीत. म्हणाल्या, मशीन खरं असो नाहीतर खोटं, हात वापरल्याशिवाय हात येत नाही. एकोणीस तारीख तुमची आहे, माझी नाही.
बोलायला काय जातं? त्यांच्या डोक्याला कुठे स्पंज आहे!
ट्रंपेटवाले हातमोजा घालून बसमधून येतात. कंडक्टरनं विचारलं म्हणे, काका, भाजलं का? दिखाऊ माणूस.

७ एप्रिल
आरशासमोर षटकाराचा सराव. डावा सरळ. उजवा नव्वद. आरसा तिरका लागलाय.

१४ एप्रिल
एकशेपाच. बाई म्हणाल्या, छान. ही म्हणाली, अहो, चाचणी महिनाभर पुढे ढकलायला सांगा, हात येतोय तर येऊ द्या. म्हटलं, मॅच फक्त पावसासाठी पुढे ढकलतात. समितीच्या सेक्रेटरींना फोन करून कळवलं: पूर्ण फिट. फोन हिनं लावून दिला, मी घाईत होतो म्हणून.

१९ एप्रिल, संध्याकाळी
सोळा षटकं निर्विघ्न. एकही षटकार नाही. मनातून बरंच वाटत होतं.
सतराव्यात एकानं उचलला. चेंडू सीमेपलीकडे. मी हात वर केले. डावा कानाला टेकला. उजवा खांद्याच्या रेषेत आला आणि तिथेच थांबला, बाजूला, सरळ. एक हात बाजूला सरळ म्हणजे नो-बॉल.
स्कोअरर तंबूतून ओरडला, सर, नक्की काय? नो-बॉल, सिक्स, की बस थांबवताय? गोलंदाज कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर: माझा पाय रेषेच्या आत होता! फलंदाज म्हणाला, दोन्ही धरा, सात द्या. मी जाहीर केलं, षटकार. त्यावर क्षेत्ररक्षण करणारा कप्तान म्हणतो, अर्धाच दाखवलात सर, तीनच द्या.
सगळे हसले. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी वही मिटली.

२१ एप्रिल
पाकीट फुटलं. माझा सहाही आठवडे लुटूपुटूचा. ट्रंपेटवाल्यांचा खरा.
म्हटलं, पाकिटं बदलली असतील, पुन्हा बघा. डॉक्टरांनी पुन्हा बघितलं. तेच. मग मशीन चांगलं की वाईट ते तरी सांगा. म्हणाले, दोन माणसांवरून ठरत नाही, अजून अठ्ठ्याण्णव पाकिटं फुटायचीत.
चिमटेबाई म्हणाल्या, काका, बघा, चाळीसचे एकशेपाच झाले ते तुमच्या कष्टानं. कुठले कष्ट, असं विचारणार होतो. तेवढ्यात सोबत आलेली ही म्हणाली, आता सांगूनच टाकते, दर आठवड्याला दोरी चार बोटं वर मी बांधत होते. रिमोट, चष्मा, सगळं मीच. चिमटेबाईंना मुळीच आश्चर्य वाटलं नाही. दोघींचं रोज फोनवर बोलणं होत होतं.
घरी येऊन हिशेब मांडला. हिनं फसवून रोज अर्धा तास करून घेतला, त्यात पासष्ट अंश. तक्त्यातले तीन तास खरे असते तर...
वही मिटली.

२६ एप्रिल
समितीचं पत्र. मुख्य टोकाला उभं राहता येणार नाही. फक्त स्क्वेअर लेग, तेही मैत्रीपूर्ण सामन्यांत. म्हणजे लांब, बाजूला उभं राहायचं. चौकार-षटकार दुसरा दाखवणार. आपल्याकडे रनआउट आणि स्टंपिंग. एक बोट.
हा अपमान आहे. राजीनामा देणार. उजव्या हातानंच लिहिणार, म्हणजे त्यांनाही कळेल. आज ‘माननीय’ झालं.

३० एप्रिल
राजीनामा: ‘माननीय अध्यक्ष महोद’. ‘य’ला जागा उरली नाही. नवा कागद घ्यावा लागेल.

४ मे, रविवार
राजीनामा पूर्ण न झाल्यामुळे मॅचला जावं लागलं.
दोन तास कोणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग स्टंपिंगचं अपील, माझ्याच दिशेनं, अकराच्या अकरा जण. फलंदाज चांगला हातभर बाहेर होता. डावा हात खिशात घातला. उजवा उचलला.
फलंदाजानं वाट पाहिली नाही. स्वतःच निघाला. हात तोवर कमरेशी. खेळाडू एकमेकांना टाळ्या देऊन पाणी प्यायला गेले. हात छातीशी. म्हटलं, आता थांबायचं नाही. खांद्याशी अडकला, सुटला, पुन्हा अडकला. दात आवळून रेटला. गेला! बोट थेट आभाळात. कोणीच बघत नव्हतं.
एक जण बघत होता. नवा फलंदाज नुकताच येऊन गार्ड घेत होता. त्यानं माझं बोट पाहिलं, बॅट काखेत मारली आणि मान खाली घालून परत निघाला.
थांब म्हणून हात करावा, तर तो हात वरच अडकलेला. शेवटी ओरडून बोलावला.
मॅचनंतर तो विचारायला आला, सर, माझं काय चुकलं होतं?
म्हटलं, काही नाही रे. ते बोट तुझ्या आधीच्याचं होतं.