ल मारलेला स्पिंडल

मरोळ, अंधेरी (पूर्व)
१६ नोव्हेंबर १९८६

प्रिय लवू,

जानकीवहिनींचं पत्र आलं. तू वेल्डिंगचा होल्डर हातात धरत नाहीस, कुडाळचा गॅरेजवाला घरी बोलवायला आला तरी गेला नाहीस, दिवसभर पडवीत बसून माझा हात गेला म्हणतोस, असं लिहितात. डोक्याला ताप आहेस रे तू. गिरणी सुटल्यापासून चार वर्षं या गाळ्यात किती ट्रकांच्या, ट्रेलरच्या चाकांचे झिजलेले स्पिंडल वेल्डिंगने भरलेस? त्यातला एक मोडला तर लगेच हात गेला? आणि मला भांडूसुद्धा न देता गाव गाठलंस.

इथे नुसता वैताग आहे. तुझ्या जागी चंदू म्हणून एक वेल्डर ठेवलाय. त्याने भरलेला स्पिंडल लेथवर चढवला की आत छिद्रंच छिद्रं, माझं टूल तुटतं आणि हा बाहेर चहा पीत उभा. ट्रकवाले तर विचारूच नकोस. ग्रीस न घालता महिनोन् महिने गाडी हाणतात, बेअरिंग सैल होऊन स्पिंडलचा, चाकाचा दांडाच खाऊन टाकतं, आणि चाक डुलायला लागलं की संध्याकाळपर्यंत पाहिजे म्हणून उभे. काल एकाने झिजलेल्या जागी पत्र्याची पट्टी गुंडाळून वर बेअरिंग ठोकलं होतं. हा भरून भागणार नाही, कापून नवा बसवावा लागेल म्हटलं, तर माझ्याच अंगावर आला. वर प्रत्येकाचं एकच, लवू कुठे गेला. मी काय इथे माशा मारायला बसलोय?

तुझ्या पद्धतीची मी कायम टिंगल केली. आधी दांडा गॅसवर चांगला तापवायचा, मग भरायचा, आणि भरून झाला की चुन्याच्या भुकटीत पुरून सकाळपर्यंत हातही लावायचा नाही, घाईने गार झाला तर आतून तडा जातो म्हणायचास. बाळंतीण आहे का ती, असं मी म्हणायचो. तू ऐकून न ऐकल्यासारखं करायचास. सकाळी मी लेथवर माप काढून दिलं की तू टोकाला अक्षराच्या पंचने, हातोडी मारून, तुझ्या नावाचा ‘ल’ उमटवायचास. ड्रायव्हर लोक आधी तो ल बघायचे आणि मगच चाक चढवायचे. मला ते खुपायचं, खोटं कशाला बोलू. गाळा माझा, लेथ माझा, आणि नाव तुझं.

घोडबंदरच्या रस्त्यावर नंदकिशोर ड्रायव्हरच्या ट्रेलरचं चाक निखळलं, तो पाय मोडून बसला, आणि तुटलेलं टोक कुणीतरी आपल्या गाळ्यात आणून टाकलं. तू ते पुसलंस, ल बघितलास आणि हा माझाच म्हणालास. तो दांडा कधी आला, कुणी भरला, काहीच विचारलं नाहीस. तुझा स्वतःच्या आठवणीपेक्षा त्या खुणेवर जास्त विश्वास. मी समोर उभा होतो, लवू. मीही काही बोललो नाही. संध्याकाळी तू पेटी उचललीस तेव्हाही नाही.

तो ट्रेलर आला तेव्हा तू गणपतीला गावी होतास. मालकाची घाई होती, त्याला तुझ्याच हातचं काम हवं होतं, आणि तू नाहीस म्हटलं तर तो दुसरीकडे जाणार होता. मी भरला. न तापवता. चुन्यातून तासाभरात काढला, पाणी मारून गार केला आणि लेथवर घेतला. मग तुझ्या ड्रॉवरमधून पंच काढून ल मारला. काल नंदकिशोरच्या घरी जाऊन हे सगळं सांगून आलो. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याच्या बायकोने, विमलाने, पाणीही विचारलं नाही, आणि ते बरोबरच आहे. पत्र लिहिलं ते यासाठी. वहिनींना हे मोठ्याने वाचून दाखव, म्हणजे तुला काही लपवता येणार नाही. माझं तोंड बघायचं नसेल तर बघू नको, पण उद्या कुडाळला जा आणि होल्डर धर. तुझा एकही दांडा मोडलेला नाही.

तुझाच म्हणवून घ्यायची लाज वाटते, तरी तुझाच,
मार्तंड