रोजहातसाठी राखलेली वेणी

मी, बेसना, दिवंगत मिस्तो यांची पत्नी, वय अंदाजे सत्तर (जन्माची नोंद करायला कोणी गेलंच नाही), राहणार देरिकच्या वरचं गाव, जिल्हा मार्दिन, पूर्ण शुद्धीत आणि चांगल्याच रागात हे मृत्युपत्र लिहवून घेते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणणारे कधीच थकले.

१. राहतं घर आणि ऑलिव्हची झाडं मुलगी हेझाल हिला. माझा मुलगा रोजहात याला गणवेशातल्या माणसांनी अंगणातून नेलं. तो परत आला नाही, प्रेतही मिळालं नाही. तो मेला असं मी आजवर कुठल्याही कागदावर कबूल केलेलं नाही आणि याही कागदावर करत नाही. त्याची खोली भाड्याने देऊ नये.

२. इस्तंबूलहून कनान नावाचा दिग्दर्शक आम्हा कुर्दांवर सिनेमा काढायला आला. त्यात मुलाच्या खोट्या कबरीवर रडणारी आई मी झाले. आमच्यात आपलं माणूस गेलं की बाई वेणी कापून कबरीवर वाहते. तो म्हणाला, "मावशी, तुमचीच वेणी कापा ना, सीन काय उठेल!" मी म्हटलं, "अरे बाबा, त्या कबरीत आहे कोण? रडायला सांग, रडते. केसाला हात लावलास तर कॅमेरा फोडीन."

मग खोटी वेणी आणली, ती कापली. पण रडताना त्याने शिकवलेलं नाव माझ्या तोंडून येईना. मी रोजहातलाच हाक मारली. सिनेमा तपासणाऱ्या सरकारी माणसांनी नेमकं ते नाव कापलं. पडद्यावर माझे नुसते ओठ हलतात. याचा राग मी बरोबर घेऊन जाणार आहे.

३. सिनेमावाले गेले, त्यांची कबर टेकडीवर तशीच राहिली. माझा दीर हासो तिथे जाऊन मेलेल्यासाठीचा फातिहा पढून आला! वर मला म्हणतो, "वहिनी, आता कबर झाली, दगड झाला. मेल्याच्या कागदावर अंगठा दे आणि मोकळी हो." मी म्हटलं, "भाऊजी, एवढी आवडली असेल तर तुम्हीच झोपा तिच्यात." त्याच दिवशी दगड उपटला आणि तिथे कांदे लावले. सबब, पेटीतली खोटी वेणी हासोला द्यावी. दुसरं काही नाही. मातीला आला तर चहा मात्र पाजावा, घरचाच आहे.

४. माझी खरी वेणी अजून डोक्यावर आहे. मला शेवटची अंघोळ घालताना हेझालने ती कापून जपून ठेवावी. रोजहातची हाडं सापडली तर त्याच्या कबरीवर वाहावी. तो स्वतःच्या पायांनी दारात आला, तर त्याच्या हातात देऊन सांगावं, आईने तुला मेलेला मानलं नाही.

५. सिनेमाची तबकडी गावाला. हेझाल म्हणते, "आई, आवाजच कापलाय, त्यात बघायचं काय?" ऐक पोरी. दर नवरोजला, आपल्या नव्या वर्षाच्या सणाला, तो सिनेमा आपल्या खळ्याच्या भिंतीवर लावायचा. माझे ओठ हलतील तेव्हा कोणी रडायचं नाही. सगळ्या गावाने एका आवाजात ओरडायचं, रोजहात! शिपाई आले तर सांगा, आम्ही नाही, ती भिंतीवरची बाई बोलते आहे. न्या तिला पकडून.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. एक शब्द मागे घेत नाही.

बेसना (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार: १. सेयदो, गवंडी (सही) २. गुल्हीझार, शेजारीण (सही)

देरिक, ११ फेब्रुवारी २०१४